लाल दिव्याच्या आधी

२८ सप्टेंबर

आजपासून मी पुन्हा नोकरदार. गळ्यात ओळखपत्र, हातात पोळीभाजीचा डबा, आणि आमच्या द्वारकेच्या सोसायटीच्या गेटवर न्यायला आलेली गाडी. कुमुद गॅलरीतून हात हलवत होती. लग्नानंतर पहिल्यांदा ड्यूटीवर निघालो तेव्हाही तिने असाच हात हलवला होता. आता गुडघा धरतो म्हणून खुर्चीत बसून हलवते, एवढाच फरक.

लढाई सुरू झाल्यापासून टीव्हीसमोर बसून नुसता चडफडत होतो. अंशुमनचा फोन आला आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं. अंशुमन एके काळी माझा को-पायलट होता. आता ग्रुप कॅप्टन आहे आणि गुडगावच्या बाहेरच्या ट्रेनिंग सेंटरचा मुख्य. मालवाहू विमानांचे पायलट इथे तयार होतात. खरं विमान इथे नाहीच. मोठ्या हॉलमध्ये खांबांवर उभी केलेली एक बंद खोली, आत हुबेहूब कॉकपिट आणि काचांपलीकडे पडदे. हा सिम्युलेटर. खोली डुलते, गरगरते, पडद्यावर डोंगर अंगावर येतात. पोरं पुढे बसतात. मी त्यांच्या मागे अंधारात, कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. माझ्या पुढ्यात एक स्क्रीन, त्यावर संकटांची यादी. बोट टेकवलं की इंजिनला आग. पुन्हा टेकवलं की चाकं बाहेर यायला नकार देतात. निवृत्त माणसाला एवढी सत्ता घरात तरी कुठे मिळते!

एकच तक्रार आहे. ती यादी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात आहे. दर वेळी डबीतून चष्मा काढा, यादी वाचा, बोट टेकवा, चष्मा उतरवा, संकट मिटलं की डबीत ठेवा. उतरवावाच लागतो, कारण वाचायच्या चष्म्यातून पुढचं कॉकपिट धूसर दिसतं. शिवाय सारखा नाकावर चष्मा ठेवून मिरवायचं मला जमत नाही. पायलटचे डोळे आहेत हे. कुमुदने करोल बागेतून आणलेली चष्म्याची डबी तर इतकी घट्ट आहे की उघडताना टक्कन वाजते. ही डायरी मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो. निदान इथे तरी त्या चष्म्याचं तोंड बघायला नको.

२ ऑक्टोबर

माझ्याकडे जोडी आली आहे ती सुखदा आणि सुजय यांची. दोघं फ्लाइंग ऑफिसर, दोघांच्या गालांवर अजून बाळसं. सुखदा आपली मराठी, म्हणजे दिल्लीची मराठी. वडील दिनकरराव केंद्र सरकारात, आर. के. पुरमला क्वार्टर, पोरगी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, माझी मराठी थोडी गडबड आहे, पण तुम्ही मराठीतच ओरडा. मला बिल्कुल घरच्यासारखं वाटेल."

म्हटलं, "बघू, पहिली आग लागली की कशी तारांबळ उडते तुझी."

"तारांबळ म्हणजे काय सर?"

म्हटलं, आत्ता कळेल. पण छे! तारांबळ सुजयची उडाली. हा कोलकात्याचा मुलगा सारखी मान हलवत असतो. हे घड्याळ बघ, ते बघ, पुन्हा हे बघ. कबुतरासारखी मान. संकट आलं तरी आधी सगळं वाचणार, मग हात उचलणार. त्याला म्हटलं, बाबा रे, तू निदान करेपर्यंत पेशंट जायचा.

७ ऑक्टोबर

आज तर कमालच झाली. विमान धावपट्टीवरून सुटता सुटता मी डावं इंजिन पेटवलं. पुढचा लाल दिवा लागायच्या आधी सुखदाची बोटं आणीबाणीच्या कळांवर पोचलेली! मी डोळे चोळले. पुन्हा एक वेगळं संकट दिलं. पुन्हा तेच. दिवा नंतर, हिचा हात आधी.

आणि एरवी किती निवांत! सुजयशी काय गप्पा मारते, पडद्यावरचे ढग काय दाखवते, चांदनी चौकातल्या पराठ्यांचं काय बोलते. मी मागे यादीत काय शोधतोय याची फिकीरसुद्धा नाही. संकट आलं की मात्र ताठ. संकट मिटलं, मी चष्मा आत टाकून डबी मिटली, की बाई पुन्हा पराठ्यांवर. याला म्हणतात रक्तातलं उड्डाण. शिकवून येत नाही हे. चाळीस वर्षांत अशी दोन-तीनच माणसं पाहिली.

घरी येऊन कुमुदला सांगितलं तर म्हणाली, "तुमच्यासारखा मास्तर असला की येणारच." हे ती कौतुकाने म्हणाली की खवचटपणे, ते तिचं तिलाच ठाऊक.

११ ऑक्टोबर

रमीत पुन्हा हरलो. हिला माझी पानं कशी कळतात देव जाणे. चांगली पानं आली, नीट बघावी म्हणून चष्मा काढला, की ही बया लगेच पानं टाकून पॅक म्हणून मोकळी. फालतू पानं असली की मात्र शेवटपर्यंत बसते. म्हटलं, तू भूत-बीत पाळलं आहेस का? नुसती हसली.

संध्याकाळी ब्लॅकआउटचा सराव झाला. सगळ्या सेक्टरचे दिवे गेले. प्रवासी विमानं सध्या संध्याकाळनंतर बंद आहेत, त्यामुळे आमच्या डोक्यावरची ती रोजची घरघर नाही. अधूनमधून एखादं जड विमान जातं, ते आपल्या हवाई दलाचं. आवाजावरून मला कळतं. भरलेलं आहे की रिकामं, तेही कळतं.

१५ ऑक्टोबर

अंशुमनने सगळ्या शिक्षकांना बोलावलं. वरून हुकूम आहे, कोर्स आणखी छाटा. आधीच निम्मा केला होता. आता खऱ्या विमानावरचे सरावही रद्द, कारण विमानं सगळी तिकडे लढाईत आहेत. पोरांनी इथून थेट स्क्वाड्रनमध्ये जायचं, उरलेलं तिथे शिकायचं. कुठे शिकणार? डोंगरातल्या बोटभर धावपट्टीवर, खालून गोळ्या येत असताना?

मी म्हटलं, "अंशुमन, हा शुद्ध गाढवपणा आहे."

"सर, मला कळत नाही का?" तो म्हणाला. "तिकडे क्रू आलटूनपालटून झोपतायत. मला माणसं मागतात, मी काय देऊ?"

त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलंय. मनात म्हटलं, निदान सुखदाची काळजी नाही.

१९ ऑक्टोबर

आज परीक्षा झाली. अंशुमन माझ्या शेजारी बसून बघत होता. मी यादीतलं जे जे वाईट ते सगळं दिलं. सुखदाने एकेक संकट असं उचललं की अंशुमन माझ्या कानात म्हणाला, "सर, ही तर तुमच्यापेक्षा भारी आहे." मला इतका आनंद झाला की लाजच वाटली. पोरगी पहिली आली.

सुजयला मीच थांबवलं. पुन्हा पुढच्या तुकडीबरोबर कर म्हटलं. बरोबर करतो, पण उशीर करतो. त्याचा चेहरा उतरला. "जी सर" म्हणाला आणि सॅल्यूट करून गेला. वाईट वाटलं, पण पोराचा जीव त्याच्या मानापेक्षा मोठा.

संध्याकाळी दिनकरराव सपत्नीक पेढे घेऊन घरी आले. साधा, सज्जन माणूस. सोफ्याच्या कडेवर बसले होते, नीट टेकलेसुद्धा नाहीत. जाताना दारात थांबून विचारलं, "सर, खरं सांगा. तयार आहे ना हो ती? आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल ते."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "दिनकरराव, निश्चिंत झोपा. माझी स्वतःची मुलगी असती तरी मी तिला असंच पाठवलं असतं."

त्यांच्या बायकोने डोळे पुसले. उद्या सकाळी सुखदा जाते आहे.

२८ ऑक्टोबर

लिहवत नाही. तरी लिहितो.

आज नव्या तुकडीचा आठवा दिवस. सुजयही तिच्यात. मी घाईत डबी गाडीत विसरलो, चष्मा तेवढा शर्टाच्या खिशात होता. पहिलं संकट दिलं. काही नाही. लाल दिवा लागला, भोंगा वाजला, तेव्हा कुठे पोरं दचकली. तोवर विमान अर्धं कलंडलेलं. दुसरी जोडी आली, तीच गत. कालपर्यंत हीच पोरं सराईतासारखी हात चालवत होती! मी इतका ओरडलो की घसा बसला. फक्त सुजयने नेहमीसारखं केलं. मान हलवत, सगळं वाचत, उशिरा पण बरोबर.

बाहेर आल्यावर त्याला गाठलं. म्हटलं, आज सगळ्यांना झालंय काय?

त्याने आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "सर, आज आपकी डिब्बी नहीं बजी."

मला अर्थच लागेना. त्याने समजावून सांगितलं. माझा माइक चालूच असतो. मी चष्मा काढायला डबी उघडली की तो टक् आवाज सगळ्यांच्या हेडफोनात जातो. टक् वाजलं की संकट येणार. मिटल्याचा आवाज आला की संपलं, बसा निवांत. पूरे कोर्स को पता है, सर. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

म्हटलं, "अरे नालायकांनो, मला सांगायचं नाही?"

तो खरंच गोंधळला. म्हणाला, "सर, हमें लगा आप जान-बूझकर बजाते हैं. कोर्स छोटा हो गया था ना, तो आप मदद कर रहे हैं."

मदत. मी त्यांना मदत करत होतो.

मग विचारलं, तू का नाही ऐकलंस? तर खाली बघत म्हणाला, "ऊपर तो डिब्बी नहीं होगी ना, सर."

सुखदाचे ढग, सुखदाचे पराठे. ती निवांत नव्हती. ती टक् ची वाट बघत होती. आवाज नाही तोवर तिला समोर बघायचं कारणच नव्हतं. आणि मी त्याला रक्तातलं उड्डाण म्हणालो. तिच्या बापाला म्हणालो, निश्चिंत झोपा.

२९ ऑक्टोबर

सकाळीच अंशुमनच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं.

म्हटलं, "तिला परत बोलाव. थोडे दिवस दे मला. डबीशिवाय शिकवतो."

"सर, ती रोज उडतेय. तिचा कॅप्टन खूश आहे तिच्यावर."

"अजून काही बिघडलं नाही म्हणून खूश आहे! बिघडेल तेव्हा ती ढग बघत असेल."

"मी वर काय सांगू? चष्म्याच्या डबीमुळे परीक्षेत पहिली आलेली पायलट परत पाठवा?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "बोलतो सर. पण मला उत्तर माहीत आहे."

निदान तिला एक निरोप दे म्हटलं, तर तोही पाठवता येईना. त्या तळावर फोन बंद आहेत. घरचे लोक आठवड्याला एकदा अधिकृत लाइनवर बोलतात, तेही तिकडून लागला तर. दुपारी उत्तर आलं: लढाई संपल्यावर विचार करू. हात जोडून मागितलं असतं तर कुणापुढे जोडायचे हेसुद्धा मला कळत नव्हतं.

नव्या तुकडीला मी नापास करणार होतो. अंशुमनला तसं म्हणालो. तो म्हणाला, "तुम्ही केलंत तर दुसरा कुणीतरी पास करेल. त्यापेक्षा तुम्ही शिकवा." म्हणून संध्याकाळी दोरीवाला दुसरा चष्मा करून घेतला. तो सेंटरवरच ठेवणार. गळ्यातच राहील. आवाज नाही. पोरं रोज पडतील, रोज पुन्हा उठवेन. दिवस पुरणार नाहीत.

३१ ऑक्टोबर

कुमुदला सांगितलं. वाटलं होतं, चकित होईल. तिने नुसती मान हलवली.

म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"डबीचं? ते कुणाला माहीत नाही घरात? चांगली पानं आली की तुम्ही डबी उघडता, मी पॅक करते." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "आणि फोनवर काही वाईट आलं, नीट वाचायला हवं, की उघडता. बाबा गेले तेव्हा. तुमच्या तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा. टक् वाजलं की मी आधी गॅस बंद करते. मग विचारते."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"अहो, मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे."

सगळ्यांना वाटलं, मला माहीत आहे. जगात एकट्या मलाच माहीत नव्हतं.

५ नोव्हेंबर

सुखदाचा फोन आला आणि मी घरी नव्हतो! आई-वडिलांशी बोलून झाल्यावर उरलेल्या मिनिटात तिने आमच्याकडे लावला. कुमुदने घेतला. मी आल्या आल्या तिला उभ्या उभ्या सगळं विचारलं.

सुखदा मजेत आहे म्हणाली. थंडी खूप आहे, मॅगी खाते. तारांबळ म्हणजे काय ते कळलं म्हणाली. आणि हसत हसत म्हणाली, "सरांना सांगा, इथले कॅप्टन फार चुप बसतात. केव्हा काय होईल, पत्ताच लागत नाही. सर मागे असले की किती बरं होतं, यार!"

"तू तिला सांगितलंस का? सांग ना, सांगितलंस का, की सारखं समोर बघ, घड्याळं बघत राहा?"

कुमुद म्हणाली, "मी तोंड उघडलं, तेवढ्यात लाइन गेली हो."

तिच्यावर उगाच ओरडलो. तिचा काय दोष? ती आत जाऊन बसली. मग मीच चहा केला आणि नेऊन दिला. प्यायली ती.

८ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. ब्लॅकआउटमुळे कुणी कंदील लावायचा नाही अशी सोसायटीची नोटीस. कुमुदने कंदील टांगला, आत दिवा न लावता. दिनकररावांकडून चकल्या आल्या. त्यांनी फोन केला. रोजच करतात. रोज एकच विचारतात, "सर, तुमच्या कानावर काही?" मी रोज म्हणतो, "काही नाही, म्हणजे सगळं ठीक." खरं सांगावं असं रोज वाटतं. सांगून त्या माणसाने करायचं काय? तिचा पुढचा फोन कधी लागेल कोण जाणे. त्यालाही माझ्यासारखंच घरात बसून राहावं लागेल. निदान झोपतो तरी बिचारा.

तिन्हीसांजेला एक जड विमान डोक्यावरून गेलं. भरलेलं होतं, उत्तरेला चाललेलं. घरच्या चष्म्याची डबी टेबलावर होती. मला काय सुचलं कोण जाणे, उचलून टक्कन उघडली. मिटली, पुन्हा उघडली. विमान ऐकू येईनासं होईपर्यंत तेच करत होतो. कुमुदने हातातून डबी काढून घेतली. "पुरे आता," म्हणाली. रडत होती ती.

१२ नोव्हेंबर

काल रात्रीच्या बातम्यांत सांगितलं, एक मालवाहू विमान डोंगरातून परतलेलं नाही. पुढे काही नाही. लगेच दिनकररावांचा फोन. "सर, आपली त्यात नसेल ना?" म्हटलं, "कितीतरी विमानं आहेत, दिनकरराव. नसेल." ते म्हणाले, "हो, आणि आपली पहिली आलेली आहे." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

अंशुमनला मेसेज टाकला: फक्त हो की नाही, एवढंच कळव.

आता सकाळ आहे. आत कुमुद पोहे करते आहे. फोडणीचा वास येतोय. मोबाइल आत्ताच वाजला. अंशुमनचं नाव ठळक असतं, तेवढं चष्म्याशिवाय कळलं. खाली मुंग्यांसारख्या ओळी. हो किंवा नाही एवढंच असतं तर एक शब्द पुरला असता. चांगल्या पाच-सहा ओळी आहेत. मोबाइल लांब धरून बघितला, खिडकीशी नेऊन बघितला. एक अक्षर लागत नाही. दोरीवाला चष्मा सेंटरवर आहे.

डबी हळूच उघडायचा प्रयत्न केला. पंचाखाली धरून, दोन्ही अंगठ्यांनी, अगदी सावकाश. तरी वाजलीच.

मी अजून काही वाचलेलं नाही. चष्मा अजून डबीतच आहे. म्हणून तर हे लिहीत बसलोय. पण आत गॅस बंद झाला. पोह्यांवर झाकण पडल्याचा आवाज आला.

"अहो," कुमुद दारात येऊन उभी आहे, "काय झालं?"